आकडीचे पोलाद, मुठीचे लाकूड

क्रोशाची तोरणे आणि जाळीदार रुमाल पाहिले नाहीत असा मराठी माणूस विरळाच. तथापि हे काम ज्या सुईने होते तिच्या इतिहासाकडे आपले लक्ष सहसा जात नाही. वस्तुतः ‘क्रोशे’ या फ्रेंच शब्दाचा अर्थच मुळी लहान आकडी असा आहे. हत्याराचेच नाव कलेला मिळाले.

एकोणिसाव्या शतकातील युरोपात या आकडीवरून घराची ऐपत ओळखता येई. श्रीमंतांच्या दिवाणखान्यात हस्तिदंताच्या आणि कोरीव हाडाच्या सुया असत. त्या दिसायला सुंदर आणि हाताला गुळगुळीत. परंतु केसासारख्या बारीक दोऱ्यासाठी टोक निमुळते करावे, तर ते मोडण्याची भीती. तेथे पोलादच हवे.

ही गोष्ट आयर्लंडच्या दुष्काळात विशेष प्रत्ययास आली. 1845 साली बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि 1852 पर्यंत सुमारे दहा लाख माणसे मृत्युमुखी पडली. तितक्याच लोकांनी देश सोडला. त्या संकटात जोगिणींच्या मठांनी स्त्रियांना क्रोशे शिकविले. क्लोन्स गावी 1847 साली कॅसँड्रा हँड या पाद्र्याच्या पत्नीने हाच उद्योग सुरू केला. या गरीब स्त्रियांना हस्तिदंत कोठून मिळणार? सुईचे वा तारेचे टोक घासून त्यांनी आकडी केली आणि ती लाकडाच्या किंवा बुचाच्या मुठीत बसविली. दिवसभर बारीक तार चिमटीत धरली तर बोटे आखडतात. जाड मूठ तो ताण तळहातावर वाटून देते. आमच्या मते, सुखकर सुईचे सारे शास्त्र या ओबडधोबड हत्यारात सामावलेले आहे.

1886 साली हॉल आणि एरू यांनी स्वतंत्रपणे शोधलेल्या पद्धतीमुळे ॲल्युमिनियम स्वस्त झाले. पुढे त्याच्या हलक्या सुया आल्या. मागाहून प्लास्टिकच्याही आल्या. ॲल्युमिनियमवरून दोरा झरझर सरकतो, पण थंडीत ते हाताला गार लागते. लाकूड आणि बांबू ऊबदार असून निसरडा धागा धरून ठेवतात. प्लास्टिक वजनाला हलके, परंतु घट्ट विणीत वाकते. म्हणून जाड लोकरीला लाकूड वा ॲल्युमिनियम आणि बारीक दोऱ्याला मूठ बसविलेले पोलाद, ही निवड आम्हांस योग्य वाटते. कोणी सुई लेखणीसारखी धरतो, कोणी सुरीसारखी. तेव्हा ती हातात घेऊन, चार टाके घालूनच पारखावी.

आंध्रातील नरसापूर भागात हजारो स्त्रिया घरी बसून क्रोशाची लेस विणत आल्या आहेत. मारिया मीस यांनी 1982 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांच्या तुटपुंज्या मोबदल्याचे वास्तव मांडले. लेसची नाजूकता आपण वाखाणतो. तिच्यामागची आखडलेली बोटे कोणाच्या हिशेबात नसतात. हौसेने विणणारी स्त्री हात दुखला की सुई खाली ठेवते. जिचे पोट त्या हातावर आहे, तिला तसे करता येत नाही. तिच्यासाठी जाड मूठ ही चैन नव्हे, गरज आहे.