विहिरीतला तांबडा पट्टा

माण तालुक्यातल्या दहिवडीच्या शिवारात एखाद्या जुन्या विहिरीत उतरा. वर मुरूम, त्याखाली काळा पाषाण. नशिबात असेल तर दोनेक परस खाली गेरूसारखा तांबडा पट्टा लागेल आणि त्याच्याखाली पुन्हा पाषाण. त्या पट्ट्यावर उभे राहा. तुम्ही सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षं मागे आला आहात.

पायाखालची माती म्हणजे निवून कुजलेला लाव्हा. शंभू महादेवाचे डोंगर अजून कोरले गेलेले नाहीत, माणगंगेचा पत्ता नाही. ही भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला, आजच्या रीयुनियन बेटाच्या आसपास आहे. होकायंत्र काढा. उत्तरेचं टोक दक्षिणेकडे वळतं. यंत्र ठीक आहे. पृथ्वीचं चुंबकत्वच या काळात उलटं आहे.

अंगावर बारीक राख पडते आहे. तिच्यातल्या झिरकॉन या खनिजाच्या कणांत युरेनियम आहे, शिसं जवळजवळ नाही. आता त्या युरेनियमचं शिसं होत राहील, ठरलेल्या गतीनं. तेवढ्यात पुढचा लाव्हा येतो, माती भाजून निघते, पट्टा मिटतो. लाव्ह्याबरोबर कार्बन डायऑक्साइड, गंधकाचे वायू आणि थोडा पाराही हवेत जातो.

त्या कार्बन डायऑक्साइडनं जग किती तापलं हे मात्र इथं कळणार नाही. कातळ ताप देतो, त्याची नोंद ठेवत नाही. त्यासाठी दक्षिण अटलांटिकच्या तळाशी चला. वाळूच्या कणाएवढे, फोरामिनिफेरा नावाचे समुद्री जीव मरून गाळात साचताहेत. पाणी कोमट झालं की त्यांच्या चुनखडी कवचात जड ऑक्सिजन कमी बसतो. डायनासोर ज्यात संपले त्या महाविनाशाच्या सुमारे तीन लाख वर्षं आधीच्या थरांत हे प्रमाण घसरतं: खोल पाणी काही अंशांनी तापलं होतं. उलट्या चुंबकत्वाची खूण याही गाळात आहे. तिच्याच आधारानं इथला गाळ आणि माणचा कातळ एका काळात बसवता येतात.

छिंदवाड्यातल्या झिलमिलीत तर समुद्रातले फोरामिनिफेरा थेट दोन लाव्ह्यांच्या मधल्या गाळात सापडले. गेर्टा केलर आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये त्यांचं वर्णन केलं. त्या जाती महाविनाशानंतरच्या पहिल्या काही लाख वर्षांतल्याच, म्हणून वरचा लाव्हा महाविनाशानंतरचा, आणि खालचा त्या जातींच्या आधीचा. कोरड्या आकड्यांपेक्षा मला हा पुरावा जास्त आवडतो.

आता २०१९ मध्ये या. प्रिन्स्टनचे ब्लेअर शोएन यांनी सह्याद्रीतल्या अशाच तांबड्या पट्ट्यांतले झिरकॉन आम्लात विरघळवून युरेनियम आणि शिसं मोजलं. पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर ही थरांची नावं आता जगभरच्या शोधनिबंधांत आहेत. शोएन म्हणतात, लाव्हा चार मोठ्या उसळ्यांत आला आणि त्यांतली एक महाविनाशाच्या काही दहा हजार वर्षं आधीची. त्याच वर्षी कोर्टनी स्प्रेन यांनी बेसॉल्टमधल्या, म्हणजे या काळ्या पाषाणातल्या, आर्गॉनवरून वेगळाच हिशेब मांडला: लाव्हा बराचसा सलग आला आणि त्यातला सुमारे तीन-चतुर्थांश महाविनाशानंतर.

स्प्रेन बरोबर असतील, तर थोड्याशा लाव्ह्यानं समुद्र आधीच कसा तापवला? लाव्हा वर येण्यापूर्वीच खोलवरच्या वितळलेल्या खडकातून वायू निसटला असावा, असं एक उत्तर आहे. ते पटण्याजोगं आहे. पण त्या वायूचा माग माणच्या कातळात काढण्यापेक्षा समुद्रगाळातल्या पाऱ्यात काढणं सोपं, आणि तिथं काम चालू आहे.