स्मरणचित्राचा पेपर

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटतं त्यांच्यासाठी या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना राहून गेलेली एक-दोन वर्षं इथे लिहिताना घातली आहेत, बाकी बोलणं जसंच्या तसं.

सुरुवात आमच्या नेरुळच्या बिल्डिंगमधून करतो. दुसऱ्या मजल्यावर एक मुलगी राहते. नववीत आहे, यंदा इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेला बसणार आहे. मागच्या महिन्यात ती जिन्यात बसून चित्र काढत होती. डावीकडे झाड, उजवीकडे भाजीवाली, मध्ये पिशवी घेतलेल्या दोन बायका, मागे दुकानांची रांग. हात सफाईदार. मी विचारलं, "कुठला बाजार गं हा?" ती म्हणाली, "कुठलाच नाही काका. क्लासमध्ये दिलंय. बाजार आला की हे काढायचं, जत्रा आली की दुकानांच्या जागी पाळणा."

मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. कारण या पेपरचं नाव आहे स्मरणचित्र. आणि त्यात स्मरण होतं ते क्लासच्या सरांचं, मुलीचं नव्हतंच.

आता थोडं मागे जाऊ. महाराष्ट्रातल्या घराघरांत कुणीतरी एलिमेंटरी, इंटरमिजिएट दिलेलं असतं. कला संचालनालय या परीक्षा घेतं. हे संचालनालय १९६५ सालचं, परीक्षांची परंपरा मात्र इंग्रजी अमदानीपासूनची. एलिमेंटरीचे पेपर आठवा: वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिती-अक्षरलेखन. नीट पाहिलं तर या यादीत चित्रकला शिकवण्याच्या दोन वेगळ्या परंपरा शेजारी शेजारी बसल्यात.

पहिली परंपरा नमुन्याची. सर जमशेटजी जीजीभाईंनी १८५३ साली १ लाख रुपये देऊ केले आणि १८५७ मध्ये मुंबईत त्यांच्या नावाचं कला विद्यालय सुरू झालं. त्या वेळी इंग्लंडमध्ये लंडनच्या साऊथ केन्सिंग्टनची पद्धत चालत होती. आधी सपाट नक्षीची रेषा उतरवायची, मग प्लास्टरच्या साच्यावरून काढायचं, मग छाया. कारखान्यांना नीट नक्षी काढणारे हात हवे होते. ही शिस्त इथेही आली. समतोल, लय, प्रमाण या गोष्टी तुम्ही दुसऱ्याच्या चांगल्या नक्षीतून उचलायच्या, असा त्यामागचा हिशेब.

नक्कल म्हणजे वाईट, असं मी म्हणणार नाही. जे. जे.चे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून १८८५ पर्यंत विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करत होते. पेस्तनजी बोमनजी त्याच तुकडीतले. त्यातल्या बऱ्याच प्रतिकृती पुढे लंडनमध्ये १८८५ च्या आगीत जळाल्या. पण लेण्यातल्या मिणमिणत्या उजेडात एकेक आकृती उतरवताना त्या मुलांच्या हाताला जे कळलं असेल ते काही जळालं नाही. नक्कल करतानाही माणूस खरंच बघत असेल, तर शिकतो. क्लासच्या ठरलेल्या बाजारात ते बघणंच गेलेलं असतं.

दुसरी परंपरा आठवणीची, आणि ती मोठी गमतीशीर आहे. पॅरिसमध्ये ओरास लेकॉक द ब्वाबोद्राँ नावाचे एक शिक्षक होते. १८४८ साली त्यांनी चित्रकाराची स्मरणशक्ती कशी घडवावी यावर एक पुस्तिका काढली. त्यांची पद्धत अशी: वस्तू बघा, घोका नको, नीट बघा, मग ती दूर करा आणि काढा. सुरुवात अगदी साधी, बाजूने दिसणारं एक नाक. हळूहळू अवघड वस्तू. पुढे मुलांना उघड्यावर न्यायचे, चालती-फिरती माणसं बघायला लावायचे आणि चित्र नंतर आठवणीतून. शिल्पकार रोदाँ हा त्यांचाच विद्यार्थी.

यात गंमत काय आहे? समोर वस्तू असली की आपण सगळंच काढत बसतो. मडक्यावरचा डागसुद्धा. आठवणीतून काढताना मात्र जे मनाला लागलं तेवढंच उरतं. म्हणजे निवड आपोआप होते. काय मोठं, काय लहान, काय मध्ये, काय अंधारात, हे आठवणीनं आधीच ठरवलेलं असतं. चित्ररचना, चित्ररचना म्हणून आपण जे शिकवतो त्याचं निम्मं काम इथेच झालेलं असतं.

इंग्लंडमध्ये डडली गावच्या मुलींच्या शाळेत मॅरियन रिचर्डसन १९१२ पासून शिकवत होत्या. त्या वर्गाला डोळे मिटायला सांगायच्या आणि एखादं दृश्य शब्दांनी उभं करायच्या. मुली आधी मनात बघायच्या, मग कागदावर. १९१७ साली ती चित्रं लंडनमध्ये रॉजर फ्राय यांनी मांडली. साध्या कामगार वस्तीच्या गावातल्या शाळकरी मुलींची चित्रं, आणि लंडनचे जाणकार ती बघायला येत होते.

आणि हे काही परदेशातच झालं असं नाही, आपल्या वर्ध्यातही झालं. शांतिनिकेतनात शिकलेले देवी प्रसाद १९४४ मध्ये सेवाग्रामला कलाशिक्षक म्हणून आले आणि १९६२ पर्यंत राहिले. गांधीजींच्या नयी तालीमची ती शाळा. सूतकताई, शेती, सफाई आणि त्याच दिवसाचा भाग म्हणून चित्र. मुलाचं चित्र हे त्याच्या जगण्यातून यावं, मोठ्यांच्या चित्राची छोटी आवृत्ती होऊ नये, या विचारावर त्यांनी पुढे पुस्तकं लिहिली. आपल्याच राज्यात अठरा वर्षं हा प्रयोग चालला, आणि चित्रकलेच्या तासाला त्याचं नावही क्वचित निघतं.

इथे मला माझा एक जुना हिशेब सांगायला हवा. मीसुद्धा ही परीक्षा दिली. मला "बसथांबा" पाठ होता. छत्रीसकट. पेपरात बसथांबा आला नाही. मग मी बस पुसली, तिथे देऊळ बसवलं आणि रांगेतल्या माणसांच्या हातात फुलं दिली. देवळाच्या पायरीशी माणसं बसची वाट बघत उभी! श्रेणी मिळाली सी. दोष मी कुणाला देत नाही, मला पाठ करणं सोपं वाटलं म्हणून केलं. पण समतोल म्हणजे डावीकडे झाड तर उजवीकडे माणूस, एवढीच माझी समजूत पुढे कितीतरी वर्षं राहिली.

ती मोडली वारली चित्रांनी. डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे. लग्नात बायका भिंतीवर चौक काढायच्या, ते चित्र त्यांनी कागदावर-कापडावर आणलं. २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये गेले. त्यांनी काढलेलं मासेमारीचं जाळं पाहिलंय का? बारीक पांढऱ्या रेषांनी सगळी जागा व्यापणारं जाळं. ते बघताना कळलं की लय म्हणजे काय. लय या शब्दाची व्याख्या त्यांना कुणी घोकून घ्यायला लावली नव्हती. जाळं रोजच्या जगण्यातलं होतं.

तर परत जिन्यात. त्या मुलीची आजी दिवाळे कोळीवाड्यातली. बेलापूरला मासळी विकते. मी म्हटलं, "आजीचा बाजार काढ ना." ती म्हणाली, "तो पाठ नाहीये." मग आम्ही डडलीची युक्ती केली. डोळे मिट, आणि सांग काय दिसतं. ती म्हणाली, "हात." कुणाचे? "सगळ्यांचे. आजी खाली बसलेली असते ना, मी तिच्या मागे. मला गिऱ्हाइकांची तोंडं दिसतच नाहीत. नुसते हात येतात, पैसे घेऊन. आणि आजीचा कोयता."

मग तिनं ते काढलं. पहिल्या कागदावर पुन्हा झाड आलंच, सवयीनं. ते तिनंच खोडलं. दुसऱ्या कागदावर चारी बाजूंनी हात आत येताहेत, मध्ये आजीची पाठ आणि कोयता, खाली पाटीत बोंबील एकाला एक लागून. आजीची पाठ इतकी मोठी की कागदाचा तिसरा भाग तिनंच घेतला. प्रमाण चुकलं का? शरीरशास्त्राच्या हिशेबानं चुकलं. पण मागे बसलेल्या नातीला आजी एवढीच दिसते.

चित्र झाल्यावर मग मी शब्द सांगितले. हे हात नजर आत नेतात, त्याला केंद्र म्हणतात. बोंबलांची रांग, ती लय. काळा कोयता आणि पांढरी मासळी, हा विरोध. ती म्हणाली, "हे तर वहीत लिहिलंय आम्हाला." वहीत होतंच. फक्त पहिल्यांदा तिला स्वतःच्या कागदावर सापडलं.

नवी मुंबईत मला हे जास्तच महत्त्वाचं वाटतं. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ९५ गावांच्या जमिनीवर हे शहर आखलं गेलं. आपलं शहर आधी कागदावर आलं, मग जमिनीवर. त्या गावांतल्या नातवंडांच्या चित्रात कुठल्यातरी अनामिक बाजारातलं झाड येत राहिलं, तर दिवाळ्याची मासळी, खाडीतली निवटी, आजीची पाठ कोण काढणार?

परीक्षेचं काय, हा प्रश्न तिच्या आईनं मला लगेच विचारला. रास्त आहे. श्रेणीप्रमाणे दहावीला वाढीव गुण मिळतात, आणि परीक्षकाला मोठी पाठ आवडेल याची हमी मी कशी देणार? आमचं ठरलंय असं: सरांचं चित्रही येऊ दे, अडीअडचणीला असू दे. पण आठवड्यातून एक चित्र स्वतःच्या आठवणीचं. आतापर्यंत चार झालीत. चौथ्यात फ्लेमिंगो आहेत, गच्चीवरून दिसतात तसे, म्हणजे गुलाबी ठिपके.

तुम्हालाही एक काम देतो. आज रात्री स्वयंपाकघरात न जाता आपला ओटा आठवणीतून काढा. पंधरा मिनिटं पुरेत. मग चित्र घेऊन ओट्यासमोर उभे राहा. काय मोठं झालंय, काय गळलंय, ते बघा. आणि गळलेलं रोज कोण वापरतं, तेही बघा. माझ्या चित्रात विळी नव्हती. ती आई वापरते.

पुढच्या भागात भेटू. तोवर नमस्कार.