मूळ नटसंचाविना

बीबीसीकडून ‘टॉप गिअर’ची स्थानिक आवृत्ती काढण्याचे हक्क घेतले की परदेशी वाहिनीच्या हाती नेमकं काय पडतं? नाव मिळतं. एखादी पडीक धावपट्टी शोधायची आणि तिच्यावर वळणावळणाचा ट्रॅक आखायचा. शेजारच्या हँगरमध्ये प्रेक्षकांना दाटीवाटीने उभं करायचं आणि त्यांच्या मधोमध तीन पुरुष सोडायचे. पांढऱ्या पोशाखातला, हेल्मेट न काढणारा, तोंडातून एक शब्द न काढणारा ‘स्टिग’ नावाचा ड्रायव्हर ठेवायचा. पाहुणा म्हणून कुणी नामांकित बोलवायचा, त्याला स्वस्तातल्या गाडीतून ट्रॅकवर एक फेरी मारायला लावायची आणि त्याची वेळ फळ्यावर चढवायची. हे सगळं करारात लिहिता येतं. तरीही २००८ पासून देशोदेशी निघालेल्या या आवृत्त्यांपैकी बऱ्याच बाळसं धरायच्या आतच आटोपल्या. आपल्याकडे नाटकाच्या जाहिरातीत ‘मूळ नटसंचात’ हे शब्द ठसठशीत का छापतात, ते या वंशावळीवरून कळावं.

वंशावळ सुरू होते ती अगदी साध्या घरातून. बीबीसीवर १९६४ ते १९७५ पर्यंत ‘व्हीलबेस’ नावाचा मोटारींचा कार्यक्रम चालला. तो थांबला आणि १९७७ मध्ये बर्मिंगहॅमच्या पेबल मिल स्टुडिओतून फक्त त्या भागापुरता एक कार्यक्रम सुरू झाला, तो ‘टॉप गिअर’. बातम्या वाचणाऱ्या अँजेला रिपन आणि टॉम कॉइन हे त्याचे निवेदक. रस्त्यांची स्थिती, पेट्रोल, सुरक्षितता, नवी गाडी घ्यावी की नाही, असा सगळा गृहोपयोगी मामला होता. पुढच्या वर्षी तो देशभर दिसू लागला आणि पुढची दहा वर्षं सरळमार्गी माणसासारखा चालत राहिला. १९८८ मध्ये जेरेमी क्लार्कसन आला. १९९५ मध्ये व्हॉक्सॉल व्हेक्ट्रा या गाडीचं परीक्षण करायची पाळी त्याच्यावर आली, तेव्हा हिच्याबद्दल बोलण्यासारखं काहीच नाही हेच त्याने पडद्यावर निरनिराळ्या तऱ्हांनी दाखवलं. बीबीसी स्वतःच्या देशात जाहिराती घेत नाही, लोकांकडून परवाना शुल्क घेते. त्यामुळे उद्या व्हॉक्सॉलने जाहिरात काढून घेतली तर काय, हा प्रश्न त्या खोलीत कुणाला पडायचं कारण नव्हतं. पुढे दुसऱ्या देशांत गेलेल्या आवृत्त्यांना मात्र हा प्रश्न पहिल्या दिवसापासून होता. कारण वाहिन्यांच्या जाहिरातदारांत मोटार कंपन्या बहुतेक ठिकाणी असतातच.

क्लार्कसन मध्येच निघून गेला, कार्यक्रम २००१ मध्ये बंद पडला आणि त्यातली काही मंडळी ‘फिफ्थ गिअर’ या नावाने चॅनल फाइव्हवर गेली. मग क्लार्कसन आणि त्याचा शाळासोबती अँडी विल्मन यांनी बीबीसीपुढे नवा आराखडा ठेवला. सरेमधल्या डन्सफोल्डच्या विमानतळावर ऑक्टोबर २००२ मध्ये जो ‘टॉप गिअर’ सुरू झाला, तो जुन्या कार्यक्रमाचं नाव घेतलेला निराळाच प्राणी होता. जग ज्याला मूळ मानतं तोही खरं तर पुनर्निर्मितीच आहे. फरक एवढाच, की ही पुनर्निर्मिती ज्यांनी केली त्यांना जुन्या कार्यक्रमाचा कंटाळा आतून ठाऊक होता.

इथे एक गोष्ट आहे, जी नंतरच्या निर्मात्यांनी पाहिली नाही किंवा पाहूनही सोडून दिली. क्लार्कसन, रिचर्ड हॅमंड आणि दुसऱ्या मोसमात आलेला जेम्स मे हे तिघेही ना रेसर होते, ना नट, ना विनोदवीर. क्लार्कसन इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका स्थानिक वर्तमानपत्रात घडलेला, हॅमंड स्थानिक रेडिओवरचा आणि जेम्स मे मोटार मासिकांतला लेखक. मेची १९९२ ची गोष्ट तर पत्रकारांनी एकमेकांना सांगावी अशी आहे. ‘ऑटोकार’ने वर्षभरातल्या गाड्यांच्या परीक्षणांचं संकलन त्याच्या गळ्यात मारलं. त्या रटाळ कामाला वैतागून त्याने परिच्छेदांची ठळक आद्याक्षरं अशी जुळवली, की सलग वाचली तर काम किती जिवावर आलं होतं त्याचं खरमरीत वर्णन निघावं. वाचकांना ते सापडलं आणि मेची नोकरी गेली. वर्षानुवर्षं गाड्यांवर लिहून विटलेली, म्हणूनच गाडीवर बोलायची नवी रीत शोधणारी ही माणसं होती. हँगरमधल्या त्या वरवर मोकळ्या गप्पांच्या मागे लिहिणाऱ्यांची बैठक होती. करारात हँगर लिहिता येतो, ही बैठक कशी लिहिणार?

स्वस्तातल्या गाडीचीही एक छोटी वंशावळ आहे आणि ती मला फार आवडते. पहिली सुझुकी लियाना. तिच्यामागून शेवरले लॅसेटी आली. तीच हॅचबॅक आपल्याकडे ऑप्ट्रा एसआरव्ही म्हणून विकली गेली. तिसरी किया सीड, जिच्यात २०१० मध्ये टॉम क्रूझने १ मिनिट ४४.२ सेकंदांची वेळ दिली. ऑस्ट्रेलियात या कामाला मलेशियाची प्रोटॉन सॅट्रिया निओ आली. अमेरिकेत आली सुझुकी एसएक्स४, जी तेव्हा पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर मारुतीच्या नावाने दिमाखात फिरत होती. आपल्याकडे सोसायटीच्या आवारात जिच्याभोवती शेजारी जमायचे, ती तिकडे तारे-तारकांची टिंगल करायला ठेवलेली सामान्य गाडी! स्थानिक आवृत्तीत खरोखर स्थानिक काय असतं, तर अनेकदा एवढंच.

पहिली परदेशी आवृत्ती ऑस्ट्रेलियाची. एसबीएस ही तिथली छोटी सार्वजनिक वाहिनी मूळ कार्यक्रम आधीपासूनच दाखवत होती आणि तो तिच्या सर्वाधिक पाहिल्या जाणाऱ्या कार्यक्रमांपैकी होता. २९ सप्टेंबर २००८ ला ‘टॉप गिअर ऑस्ट्रेलिया’ सुरू झाला. शर्यतींच्या समालोचनात मुरलेला चार्ली कॉक्स, वर्तमानपत्रातला व्यंगचित्रकार वॉरन ब्राऊन आणि ड्रायव्हिंग शिकवणारा स्टीव्ह पिझाटी असे तिघे. माणसं वाईट नव्हती. ब्राऊन तर वर्तमानपत्रात वाढलेला, म्हणजे मूळ तिघांच्या कुळातलाच. अडचण होती ती प्रेक्षकाची. ज्या वाहिनीवर त्याने क्लार्कसनला पाहिलं होतं त्याच वाहिनीवर, तसाच हँगर, तसाच फळा, तसाच मुका ड्रायव्हर, आणि मध्ये ही नवी तीन माणसं. तुलना टाळायची कशी? त्यांना एकमेकांची खोड काढायला लावलं होतं. पण तशी ओळख वर्षांनी होते, पहिल्या भागात नव्हे. दुसऱ्या मोसमात कॉक्सच्या जागी जॅझ ट्रम्पेटवादक जेम्स मॉरिसन आला. २०१० मध्ये कार्यक्रम नाईन नेटवर्ककडे गेला आणि ‘केनी’ या चित्रपटामुळे घरोघरी पोचलेला नट शेन जेकबसन मुख्य झाला. ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन तिघांमध्ये ‘ॲशेस’ नावाची लुटुपुटीची लढतही झाली. तीत ऑस्ट्रेलियन मंडळी पाहुणचार घेणाऱ्या धाकट्या भावंडांसारखी दिसली. पुढे नाईननेही कार्यक्रम गुंडाळला.

रशियाचं प्रकरण चटकन संपतं. फेब्रुवारी २००९ मध्ये रेन टीव्हीवर सुरू झालं आणि एका मोसमात आटोपलं. मुख्य निवेदक निकोलाय फोमेंको हा मात्र लक्षात ठेवण्याजोगा: रॉक बँडमधला गायक, नट आणि रेसर. पुढे त्याच्या ‘मारुसिया’ या स्पोर्ट्स कार कंपनीचं नाव फॉर्म्युला वनच्या गाडीवर झळकलं. गाड्यांवर बोलण्यापेक्षा गाड्या बनवाव्यात हा त्याचा निर्णय मला रशियन आवृत्तीवरचा सर्वांत नेमका अभिप्राय वाटतो.

अमेरिकेत एनबीसीने २००८ मध्ये नमुन्याचा भाग करून पाहिला आणि बासनात ठेवला. त्यातला स्टंट ड्रायव्हर टॅनर फौस्ट तेवढा उरला. त्याच्याबरोबर विनोदवीर ॲडम फेरारा आणि नॅस्कार शर्यतींच्या प्रसारणातला रटलेज वूड अशी जोडणी होऊन नोव्हेंबर २०१० मध्ये कार्यक्रम हिस्ट्री वाहिनीवर आला. ट्रॅक होता कॅलिफोर्नियातल्या एल टोरो या मरीन कोअरच्या बंद पडलेल्या तळावर. म्हणजे धावपट्टीची अटसुद्धा पाळली. सुरुवातीचे भाग पाहताना तिघेही कुणाचा तरी सदरा घालून आल्यासारखे वाटतात. मग हळूहळू स्टुडिओ, प्रेक्षक, पाहुणा हे सगळं मागे पडलं आणि तिघे मोडक्या गाड्या घेऊन अलास्कापासून वाळवंटापर्यंत भटकू लागले. वाद खरे वाटू लागले, कारण तोवर ते खरेच झाले होते. कार्यक्रम २०१६ पर्यंत टिकला. विकत घेतलेल्या वस्तू जितक्या फेकल्या, तितका तो सुधारत गेला.

उलट दिशेचा पुरावा कोरियाने दिला. अमेरिकन आवृत्तीच्या पहिल्याच भागात डॉज व्हायपर गाडीचा पाठलाग कोब्रा हेलिकॉप्टर करतं. २०११ मध्ये सुरू झालेल्या ‘टॉप गिअर कोरिया’ला तसंच काहीतरी हवं होतं. मंडळी थेट ॲरिझोनात गेली, कॉर्व्हेट घेतली, कोब्रा घेतलं आणि शर्यत लावली. हेलिकॉप्टर खाली झेपावलं, वळताना जमिनीवर आदळलं आणि त्याचे तुकडे झाले. आतली माणसं वाचली, म्हणून आज हे हलक्या आवाजात सांगता येतं. ती चित्रफीत जगभर फिरली. बाहेरच्या जगाला कोरियन आवृत्ती माहीत झाली ती बहुतांशी या अपघातामुळे, म्हणजे नकलेची नक्कल करताना झालेल्या चुकीमुळे.

चीनने २०१४ मध्ये ऑलिंपिक विजेता डायव्हिंगपटू तियान लियांग आणि तैवानचा गायक-नट रिची रेन यांना गाडीत बसवलं. इटलीने २०१६ मध्ये मोटोजीपीचा समालोचक ग्विदो मेदा, रेसर दाविदे वाल्सेक्की आणि ‘मास्टरशेफ’चा परीक्षक जो बास्तियानिक यांना. एका आयात कार्यक्रमाचा चेहरा दुसऱ्या आयात कार्यक्रमात! इटलीचा खेळ एका मोसमाचा ठरला. निवडीची रीत सगळीकडे एकच दिसते: एक रेसर, एक नट किंवा विनोदवीर आणि एक लोकांच्या ओळखीचा चेहरा. लिहिणारा कुणी सापडला तर तो योगायोग.

फ्रान्स या माझ्या मांडणीत नीट बसत नाही, हे मान्य करायला हवं. तिथे नट फिलिप लेलूश, रेसर ब्रूस जुआनी आणि ‘ल तोन’ या नावाने ओळखला जाणारा संगीतकार होता. म्हणजे वरच्याच साच्यातली निवड. तरीही ही आवृत्ती वर्षानुवर्षं चालली. कारण बहुधा वाहिनीचा आकार. आरएमसी देकूव्हर्त ही छोटी वाहिनी. पहिल्या महिन्यात देश जिंकून दाखवायची घाई नव्हती, आणि फ्रेंच प्रेक्षकाच्या दिवाणखान्यात क्लार्कसन ऑस्ट्रेलियाइतका शिरलेलाही नव्हता. तिघांना एकमेकांना ओळखायला वेळ मिळाला. शिवाय मुहूर्त लाभला. कार्यक्रम सुरू झाला १८ मार्च २०१५ ला. त्याच्या आठ दिवस आधी, यॉर्कशरच्या हॉटेलात गरम जेवण मिळालं नाही म्हणून निर्मात्यावर हात टाकल्याबद्दल बीबीसीने क्लार्कसनला निलंबित केलं होतं. २५ मार्चला त्याचा करार वाढवणार नसल्याचं जाहीर झालं. पोर पाळण्यात आणि घरातला कर्ता घराबाहेर.

भारतीय आवृत्ती निघाली नाही. २००५ मध्ये ‘टॉपगिअर’ मासिकाची भारतीय आवृत्ती आली. पडद्यावर मात्र मूळ मंडळीच आली, डिसेंबर २०११ च्या भारत विशेष भागात. व्यापारी शिष्टमंडळाचं सोंग घेऊन तिघे जुन्या जॅग्वार, रोल्स रॉइस आणि मिनीमधून हिंडले. मुंबईत त्यांनी डबेवाल्यांशी पैज लावली: लोकलपेक्षा आमच्या गाड्यांतून डबे लवकर पोचतील. जे व्हायचं तेच झालं. क्लार्कसनने जॅग्वारच्या डिकीवर संडास बसवला होता. भारतीय उच्चायुक्तालयाने या भागाबद्दल बीबीसीकडे तक्रार केली. ‘कौन बनेगा करोडपती’ किंवा ‘बिग बॉस’ परदेशातून येऊन इथे रुजले, मराठीतही उतरले, कारण त्यांत साचाच नायक आहे. गरम खुर्चीसमोर सचिन खेडेकर बसले तरी खेळ तोच राहतो. इथे साच्यात खुर्चीच नव्हती.

क्लार्कसन गेल्यावर बीबीसीने जे केलं त्याला ‘टॉप गिअर इंग्लंड’ म्हणायला हरकत नाही. हँगर, स्टिग, ट्रॅक सगळं जागच्या जागी आणि नटसंच नवा. २०१६ मध्ये नवा मुख्य निवेदक ख्रिस एव्हन्स एका मोसमात राजीनामा देऊन मोकळा झाला. जी परीक्षा सिडनी आणि मॉस्कोत झाली होती, ती आता घरीच झाली. दुसरीकडे जुने तिघे आणि विल्मन ॲमेझॉनवर ‘द ग्रँड टूर’ घेऊन गेले. त्यांच्याकडे माणसं होती. पण स्टिग किंवा ती स्वस्तातली गाडी वापरायची सोय नव्हती. त्यांनी तंबू ठोकला आणि स्टिगऐवजी बडबड्या अमेरिकन ड्रायव्हर उभा केला. ते फारसं जमलं नाही. २०१९ मध्ये तंबूच काढून टाकला आणि फक्त प्रवास ठेवला. अमेरिकनांनी काही वर्षं आधी नेमकं हेच केलं होतं.

डन्सफोल्डवर डिसेंबर २०२२ मध्ये चित्रीकरण चालू असताना कार्यक्रमाचा तेव्हाचा निवेदक अँड्रू फ्लिंटॉफ याला गंभीर इजा झाली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये बीबीसीने मूळ कार्यक्रम बेमुदत थांबवला. पुढच्या मे महिन्यात पॅरामाउंट प्लसवर ‘टॉप गिअर ऑस्ट्रेलिया’ पुन्हा सुरू झाला. निवेदक तीन: रग्बी लीगचा माजी खेळाडू बो रायन, नट जोनाथन लापाग्लिया आणि गाड्या खोलून-जोडून दाखवणाऱ्या यूट्यूब चॅनलवर वाढलेला ब्लेअर जॉस्लिन.