वाजिदा तबस्सुम आणि देवडीची लाज

उर्दू कथेत ‘अश्लील’ म्हणून बदनाम झालेल्या वाजिदा तबस्सुम १९३५ साली आपल्या अमरावतीत जन्मल्या आणि हैदराबादेत वाढल्या. उस्मानिया विद्यापीठातून त्या उर्दूत एम.ए. झाल्या.

गदारोळ झाला तो ‘उतरन’ या कथेवरून. उतरन म्हणजे दुसऱ्याच्या अंगावरचे उतरलेले कपडे. शहजादी पाशाची उतरन घालून वाढलेली चमकी लग्नाच्या आदल्या रात्री नवरदेवाकडे जाते. आता उतरन मालकिणीच्या वाट्याला येते.

लोकांना चमकीची लाज वाटली. बांदीच्या देहावर हक्क सांगणाऱ्या नवाबांची मात्र वाटली नाही!

१९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात असलेल्या आमच्या बीडला ती देवडी आणि ती दखनी बोली परकी नाही. म्हणूनच या कथा लपवून नव्हे, उघडपणे वाचायला हव्यात.