एकच चौक पुन्हा पुन्हा का रंगवतात चित्रकार?

यवतमाळच्या दत्त चौकाचं तैलचित्र काढून झालं. मग तेच दृश्य पुन्हा कशासाठी काढायचं? शिकणाऱ्याला वाटतं, आता नवा विषय घ्यावा. पण अनेक मोठ्या चित्रकारांची सवय उलटी होती.

हे कोणी केलं होतं?

फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांनी १८९२ आणि १८९३ मध्ये रुआं शहरात मुक्काम करून तिथल्या एकाच कॅथेड्रलची ३० हून अधिक तैलचित्रं हाती घेतली. ऊन बदललं की ते कॅनव्हासही बदलायचे.

महाराष्ट्रातलं उदाहरण कोल्हापूरच्या आबालाल रहिमान यांचं. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या आणि राजर्षी शाहू महाराजांचा आश्रय लाभलेल्या या चित्रकाराने कोटितीर्थ तलावाची चित्रं वेगवेगळ्या प्रहरी काढली.

फायदा नेमका काय?

पहिल्या चित्रात सगळी ताकद मांडणीवर खर्च होते. इमारत कुठे, रस्ता किती तिरका, माणसं केवढी? दुसऱ्या-तिसऱ्या वेळी ही उत्तरं तयार असतात, त्यामुळे लक्ष रंगाकडे जातं. हात अडखळत नाही. ज्याला चित्रकाराचा आत्मविश्वास म्हणतात, त्यातला मोठा भाग म्हणजे आधीच घेऊन झालेले निर्णय.

यवतमाळचं ऊन काय शिकवतं?

मेच्या उत्तरार्धात इथे दुपारी सूर्य जवळपास डोक्यावर असतो. सावल्या पायाखाली गोळा होतात आणि भिंती फिकट दिसतात. डिसेंबरच्या अखेरीस मात्र भर दुपारीही विजेच्या खांबाची सावली जवळपास खांबाएवढीच लांब पडते. चौक तोच, पण रंगांचं गणित वेगळं. संध्याकाळच्या केशरी उन्हात सावल्या निळसर वाटतात, हे एकाच जागी पुन्हा उभं राहिल्यावरच ध्यानात येतं.

तैलरंगच का?

यात बहुधा जवसाचं तेल असतं, विदर्भात ज्याची चटणी होते त्याच जवसाचं. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन सावकाश घट्ट होतं. त्यामुळे चुकलेला भाग पॅलेट नाईफने खरवडून पुन्हा रंगवता येतो. मात्र तेलाने माखलेल्या चिंध्यांचा बोळा करून ठेवू नये. तो आपोआप तापून पेट घेऊ शकतो. चिंध्या पसरून वाळवाव्यात.

सुरुवात कशी करायची?

- प्रायमर लावलेले छोटे बोर्ड घ्या. मोठ्या कॅनव्हासवर खर्च जास्त आणि भीतीही जास्त.
- पांढरा, पिवळा, लाल, अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना एवढे रंग पुरतात. शेवटचे दोन मिसळले की सावलीचा छान राखाडी मिळतो. काळी ट्यूब लागत नाही.
- रंगाआधी उजेड-अंधाराचे तीन-चार मोठे भाग ठरवा.
- प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदला : वेळ, ऋतू किंवा ब्रशचा आकार.
- मागे तारीख आणि वेळ लिहा.

कुठे चुकतं?

अनेकजण जागेवर न जाता आधीचं चित्र समोर ठेवून नवं काढतात. मग जुन्या चुकाच पक्क्या होतात. जुनं चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवा आणि चौकात जा. घरी आल्यावर दोन्ही शेजारी लावा. फरक कुणी सांगावा लागत नाही.