'अज' आणि 'एझा': एक स्पेलिंग, एक राजा, एक रॉक अल्बम

फोनवर रोमन लिपीत ए-जे-ए शोधलं की रघुवंशातला राजा आणि अमेरिकन रॉक अल्बम शेजारी शेजारी येऊ शकतात. दोघांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही.

आधी राजा. संस्कृतात 'अज' म्हणजे न जन्मलेला. म्हणून हे ब्रह्मदेव, विष्णू आणि शंकर या तिघांचंही नाव आहे आणि गीतेच्या दुसऱ्या अध्यायात आत्म्यालाही 'अज' म्हटलंय. पण 'अज' म्हणजे बोकडसुद्धा! मराठी घरांत मुलाचं नाव अजय किंवा अजित सर्रास असतं, अज मात्र सहसा नाही, त्याचं एक कारण हेच असावं. (अजयशी गल्लत नको, तो अ + जय.)

कालिदासाच्या 'रघुवंशा'त अज हा रघूचा मुलगा. त्याची राणी इंदुमती. नारदांच्या वीणेवरची माळ अंगावर पडून ती मरते आणि आठव्या सर्गात अजाचा विलाप येतो. हा भाग अजूनही वाचवत नाही, इतका जिवंत आहे. मुलगा दशरथ लहान म्हणून अज आणखी आठ वर्षं कशीबशी काढतो. दशरथाचा बाप, म्हणजे रामाचा आजोबा. शेलू-नेरळपासून विदर्भापर्यंत खेड्यापाड्यांत आजोबाला 'आजा' म्हणतात, तेव्हा रामाचा आजा अज. हा निव्वळ योगायोग. 'आजा' शब्द 'आर्य'वरून आलाय.

आता अल्बम. स्टीली डॅन या बँडचा, सप्टेंबर १९७७ मधला. उच्चार साधारण 'एझा', अमेरिकन लोक एशिया म्हणतात तसा. बँडच्या डोनल्ड फेगन यांनी सांगितल्यानुसार हे एका कोरियन स्त्रीचं नाव, त्यांच्या शाळेतल्या मित्राच्या वहिनीचं. मुखपृष्ठावर मात्र जपानी मॉडेल सायोको यामागुची आहे. शीर्षकगीत आठ मिनिटांचं असून त्यात वेन शॉर्टरचा सॅक्सोफोन आणि स्टीव्ह गॅडचे ड्रम्स आहेत. ध्वनिमुद्रणासाठी अल्बमला ग्रॅमी मिळालं, त्यामुळे नवे स्पीकर तपासायला लोक आजही हाच लावतात.

यातली आणखी दोन गाणीही नावांवरच आहेत: 'पेग' आणि 'जोसी'. पेग हे मार्गारेटचं लाडकं रूप, ग्लासातला पेग नव्हे. आणि जोसी म्हणजे जोशी नव्हे.