वऱ्हाडातला ‘ऱ्ह’ आणि संगणक

मुरंबा हे गाव आमच्याकडच्या लोकांना ठाऊक असतं. पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना मात्र नाव काढलं की बरणीतला मुरंबाच आठवतो. अकोला जिल्ह्यातलं हे लहानसं खेडं. वाशिम १ जुलै १९९८ रोजी वेगळा जिल्हा झाला, त्याआधी अकोला हाच आमचाही जिल्हा. त्यामुळे मुरंब्याला मी अजूनही ‘आपल्या जिल्ह्यातलं’ म्हणतो, कोणी हरकत घेत नाही. तर या गावात ११ ऑक्टोबर १९४६ ला विजय भटकरांचा जन्म झाला. नागपूर, बडोदा, दिल्ली असं शिक्षण करून, त्रिवेंद्रमला काही वर्षं काम करून ते पुण्याला आले आणि १९८८ साली निघालेल्या सी-डॅकचे पहिले संचालक झाले.

पुढची गोष्ट बहुतेकांना माहीत आहे. अमेरिकेकडून आपल्याला हवा तसा क्रे महासंगणक मिळेना, तेव्हा सरकारने ठरवलं की आपणच करू. मुदत तीन वर्षांची. १९९१ साली परम ८००० तयार झाला. एक दांडगा बैल मिळत नसेल तर पुष्कळसे साधे बैल एका जुवाला जुंपावेत, तशी ती युक्ती. ट्रान्सप्युटर नावाच्या अनेक लहान चिपा एकमेकींना जोडून एकाच कामाला लावायच्या. शेतकऱ्याला हे लगेच समजतं. (जुंपणं सोपं असतं, सगळ्यांना एका दिशेने चालवणं अवघड, हेही त्यालाच समजतं.)

शाळेत मी परमवर पुष्कळ भाषणं ठोकली. पण मराठीचा मास्तर म्हणून मला त्याच संस्थेतलं दुसरं एक काम जास्त मोलाचं वाटतं, आणि त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. ते काम म्हणजे जिस्ट. आयआयटी कानपूरमध्ये मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचं काम सुरू केलं होतं. १९८८ मध्ये तांबे सी-डॅकमध्ये आले आणि ते काम पुण्यात वाढलं. जिस्ट कार्ड नावाची एक पाटी संगणकात खोचली की साध्या पीसीवर देवनागरी उमटायची.

यात विशेष काय, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल. हल्ली घरातली पोरं ‘स्टार्टअप’ हा शब्द असा वापरतात की जणू तो कालच जन्मला. मराठी अक्षरांच्या धंद्यात तो प्रकार फार जुना आहे. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली पहिलं मराठी पंचांग छापलं. त्यांनी शाई स्वतः केली, यंत्र स्वतः जुळवलं, पुढे खिळेही पाडले. छापील पंचांग सोवळ्यात चालेल का, असा प्रश्न विचारणारी गिऱ्हाइकं त्यांच्या नशिबी होती. १८६९ मध्ये जावजी दादाजींनी निर्णयसागर काढला आणि राणोजी रावजी आरूंनी त्यासाठी इतके देखणे खिळे कोरले की ती वळणं पाहून आजही डोळे निवतात.

पण देवनागरी म्हटलं की खिळे शेकड्यांनी लागायचे. जोडाक्षरं, रफार, वेलांट्या, उकार. इंग्रजीला छोटी पेटी पुरे, आपल्याला अख्खी भिंत. म्हणून सावरकरांनी ‘अि, अी, अु’ अशी अ ची बाराखडी सुचवली, काही मासिकांनी ती छापलीही. यंत्राला लिपी झेपत नाही, तर लिपीच छाटू या, असा तो विचार. टाइपरायटरने प्रत्यक्षात तेच केलं. गोदरेजने १९५५ साली पहिला भारतीय टाइपरायटर काढला, पुढे मराठी यंत्रं कचेऱ्यांत आली. त्या यंत्रावर काही अक्षरं पूर्ण नसतातच. अर्धं अक्षर आणि मग एक काना. वेलांटी अक्षराच्या आधी मारायची, कारण ती कागदावर आधी दिसते. म्हणजे टंकलेखक भाषा लिहीत नसतो, आकार जुळवत असतो.

आमच्या शाळेत तर तेही सुख नव्हतं. मराठीची प्रश्नपत्रिका मेणकागदावर सळईने कोरायची आणि सायक्लोस्टाइलवर फिरवायची. ‘ळ’ जरा जोरात कोरला की कागद फाटायचा आणि पोरांना परीक्षेत शाईचा गोळा मिळायचा. गुण द्यावे लागायचे.

आता जिस्टचं वेगळेपण. संगणकाला अक्षरं कळत नाहीत, आकडे कळतात. प्रत्येक अक्षराला एक आकडा द्यायचा, मग प्रश्न येतो की आकडा कशाला द्यायचा? आकाराला की वर्णाला? जिस्टवाल्यांनी आणि त्यांच्याबरोबरच्या अभ्यासकांनी वर्णाला दिला. क हा एक, त हा एक, हलन्त हे एक चिन्ह. क, हलन्त, त एवढंच साठवायचं, ‘क्त’ कसा दिसावा ते संगणकाने पाहायचं. आणि वर्णमाला सगळ्या भारतीय लिप्यांत जवळजवळ एकच असल्यामुळे बंगाली, तेलुगू, गुजराती सगळ्यांना तीच योजना लागू. मराठीत लिहिलेलं नाव एका कळीत कानडी लिपीत दिसायचं. ही योजना १९९१ साली इस्की या नावाने भारतीय मानक झाली. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि त्यातली देवनागरी इस्कीच्याच १९८८ च्या मसुद्यावरून घेतली होती. म्हणजे आज जगातल्या प्रत्येक मोबाईलमध्ये आपले वर्ण ज्या क्रमाने बसलेत, तो क्रम तिथून आला.

या योजनेबरोबरचा इन्स्क्रिप्ट कळफलक मी निवृत्तीच्या आसपास शिकलो, आणि खरं सांगतो, व्याकरण शिकवण्याचं इतकं चांगलं साधन मला पस्तीस वर्षांत मिळालं नव्हतं. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. नुसती कळ दाबली की क, शिफ्टसह ख. ग आणि शिफ्टसह घ. त आणि थ, प आणि फ. थोडक्यात, शिफ्ट म्हणजे महाप्राण! डावीकडे नुसती कळ म्हणजे काना, शिफ्टसह दाबली की आ. पाणिनीच्या परंपरेतल्या माणसाने हा तक्ता पाहिला असता तर दोन मिनिटांत शिकला असता.

मग इतकं शहाणपणाचं काम १९९१ मध्ये तयार असताना पुढची दहा-पंधरा वर्षं मराठीचे हाल का झाले?

माझ्या मते कारण बाजारात होतं, पण नुसतं व्यापाऱ्यांना दोष देऊन भागणार नाही. कचेऱ्यांतले हजारो टंकलेखक आकारांनी विचार करायला शिकलेले. डीटीपीवाल्याला लग्नपत्रिका उद्या सकाळी द्यायची असते, वर्ण आणि आकार यांच्या तत्त्वज्ञानाशी त्याला काय करायचं? शिवाय छपाईची सॉफ्टवेअरं इंग्रजीसाठी बनलेली, त्यांना वर्ण जोडता येत नसत. मग कंपन्यांनी सोपा रस्ता काढला. संगणकाला सांगायचं की हे इंग्रजीच आहे आणि इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकारांची चित्रं बसवायची. एकूण जागा २५६. कोणती चित्रं कुठे ठेवायची हे प्रत्येक कंपनीने आपापल्या सोयीने ठरवलं. खुद्द सी-डॅकनेही छपाईसाठी असे आकारांचे फाँट काढलेच. तालुक्याच्या गावात साप्ताहिकं निघू लागली ती या फाँटांमुळे, हे उपकार मी नाकारत नाही. पण एकाच्या फाँटमधला मजकूर दुसऱ्याकडे उघडला की इंग्रजी अक्षरं, टिंबं, डॉलरची चिन्हं यांची खिचडी. तुमचंच लेखन, पण किल्ली कंपनीच्या खिशात.

युनिकोडने हे कुलूप तोडलं, पण एका दिवसात नाही. विंडोज २००० पासून देवनागरी आली. तिच्यासोबतचा मंगल हा फाँट प्रा. र. कृ. जोशींनी घडवला. सुलेखनकार, कवी आणि अक्षरांचा गुरू असलेला हा माणूस २००८ मध्ये गेला. एक्सपीवर तर आधी सीडी घालून ती सोय चालू करावी लागे. नाहीतर ‘कि’ चा ‘िक’ व्हायचा आणि मराठी वाचताना उचकी लागल्यासारखं वाटायचं. २००० च्या दशकात ज्यांनी हे सोसलं त्यांना जास्त सांगायला नको.

त्यातही मराठीची अशी खास दुखणी होती. आचार्यांना बोलवायचं की आचाऱ्यांना, हे आम्ही वर्गात हसत हसत शिकवायचो. एकात रफार, दुसऱ्यात तो आडवा अर्धा र. हिंदीला या आडव्या र ची गरज नाही, त्यामुळे अनेक ठिकाणी तो उमटायचाच नाही. आता बघा, ‘पऱ्हाटी’ मध्ये तो आहे, ‘तुऱ्हाटी’ मध्ये आहे, आणि ‘वऱ्हाड’ या नावातच आहे. आमच्या मुलखाचं नाव लिहायला गेलं की ‘वर्हाड’ उमटायचं, म्हणजे वाचणाऱ्याने तोंड वाकडं करूनच उच्चारावं. इन्स्क्रिप्टमध्ये र च्या कळीवर शिफ्ट दाबून ऱ घ्यायचा आणि मग हलन्त, हे कळलं तेव्हा मी सौ. ला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, “बरं, आता दळण आणा.”

‘ॲ’ चीही तीच कथा. ॲसिड, ॲम्ब्युलन्स लिहायला मराठीत हा स्वर हवाच. युनिकोडमध्ये त्याला स्वतंत्र जागा २००८ साली, ५.१ या आवृत्तीत मिळाली. पाठोपाठ ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने ॲ आणि ऑ हे स्वर वर्णमालेत अधिकृतपणे आले, पाकळीचा ल आणि देठाचा श हे मराठी वळणही पक्कं झालं. या गोष्टी कुठल्या कंपनीने बाजार पाहून केल्या नाहीत. मराठीसाठी असं हवं, असं कोणीतरी चिकाटीने सांगत राहिलं म्हणून झाल्या. परमचं छायाचित्र वर्तमानपत्रात येतं, ॲ चं येत नाही. असो.

हे सगळं आज लिहायला बसलो त्याला कारण आहे. आमच्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका १९९९ मध्ये काढली होती. तिच्यासाठी गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडे जाऊन आम्ही आठवणी लिहून घेतल्या. १९७२ च्या दुष्काळातली खडी फोडायची कामं, सुकडी, आटलेल्या विहिरी, रझाकारांच्या भीतीने पैनगंगेपलीकडून आलेली कुटुंबं. सांगणाऱ्यांपैकी आता एकही हयात नाही. मजकूर तेव्हाच्या एका फाँटमध्ये टाइप झाला. तो फाँट काढणारी मंडळी धंदा गुंडाळून गेली, ज्या दुकानात काम झालं तिथे आता मोबाईलची कव्हरं मिळतात. फ्लॉपीवरची फाइल भाच्याने कशीबशी काढून दिली. उघडली, तर तीच खिचडी. फाँट बदलून देणारे कार्यक्रम हल्ली आहेत, पण आमचा फाँट कोणाच्याच यादीत नाही. छापील प्रत एकच उरली आहे, तिची काही पानं वाळवीने खाल्लेली.

म्हणून गेल्या दिवाळीपासून ती स्मरणिका मी युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करतोय. नातू म्हणाला, “आजोबा, मोबाईलला वाचून दाखवा ना, तोच लिहील.” करून पाहिलं. प्रमाण मराठी तो छान लिहितो, माझ्या काही विद्यार्थ्यांपेक्षा शुद्ध. पण म्हातारीने सांगितलेलं ‘काहून’ त्याला कळत नाही, ‘पोट्टे’ म्हटलं की तो ‘पोटे’ लिहितो, आणि ‘पऱ्हाटी’ चं दर वेळी ‘मराठी’ करतो. वावरात मराठी उभी होती, असं एक वाक्य तयार झालं. ते मी पुसलं. शहाण्णव पानांपैकी एकेचाळीस झाली आहेत, बाकीची हातानेच करतोय. ज्या पानांना वाळवी लागली आहे त्यांची दुसरी प्रत आपल्या नात्यात कोणाच्या ट्रंकेत असेल तर कळवा. पान ५७ ते ६० हवी आहेत, दुष्काळाचा भाग त्यातच आहे.